साठ खुर्च्या, एक वाय-फाय: सिम्युलेशन करून नेटवर्कची क्षमता कशी तपासायची, कशी वाढवायची

"सर, तीनशेचा प्लॅन आहे. वायर लावून स्पीडटेस्ट केली तर दोनशे ऐंशी दाखवतं. मग पोरं रोज संध्याकाळी बोंबलतात कशी?"

पुण्यातल्या नव्या पेठेत एका अभ्यासिकेच्या मालकांनी मला हे विचारलं. एक लांबट हॉल, साठ खुर्च्या, मधोमध छताला वाय-फायचा सिग्नल पसरवणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट. दुपारी सगळं सुरळीत. संध्याकाळी सातनंतर लेक्चरचे व्हिडिओ गोल गोल फिरायला लागतात. मालकांची तयारी होती ती प्लॅन पाचशेचा करायची. आडात पाणी भरपूर होतं, गळत होता तो पोहरा. आणि पोहरा कुठे गळतो हे प्लॅन बदलून कळत नाही.

अशा वेळी दोन वाटा असतात. अ‍ॅक्सेस पॉइंट आणून, लावून, हलवून बघत बसायचं, किंवा आधी संगणकात तो हॉल उभा करून तिथे प्रयोग करायचे. हा लेख दुसऱ्या वाटेचा आहे. पण त्या वाटेवरही पहिला मुक्काम कागद-पेन्सिलीचा. तो टाळून थेट सिम्युलेटर उघडणाऱ्यांना आकडे मिळतात, पण ते खरे की खोटे हे ओळखायला हाताशी काही राहत नाही.

आधी प्रश्न नेमका करा

"वाय-फाय सुधारायचं आहे" या प्रश्नाला सिम्युलेटर उत्तर देऊ शकत नाही. त्याला असं विचारावं लागतं: रात्री आठ वाजता ४० जण एकाच वेळी व्हिडिओ लेक्चर बघतायत, प्रत्येकाला सरासरी १.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतो, त्याच वेळी पाच जण मॉक इंटरव्ह्यूच्या कॉलवर आहेत. तर लेक्चर अडखळता कामा नये आणि कॉलच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या एकेका पुडक्याला, वाय-फायमध्ये ३० मिलिसेकंदांहून जास्त उशीर होता कामा नये. हे जमतं का?

यातले ४० आणि १.२ मी मालकांशी बोलून आणि राउटरच्या नोंदी बघून ठरवले. ३० हा आकडा माझा. बोलणं नैसर्गिक वाटायला एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस आहे. त्यातला बराचसा वाटा इंटरनेटवर आणि फोनमधल्या बफरमध्ये जातो. म्हणून वाय-फायला मी ३० दिले. तुम्ही वेगळे द्या, पण सुरुवात करण्याआधी लिहून ठेवा. निकाल बघितल्यावर निकष ठरवला की तो नेहमी निकालाला जुळतो!

कागदावरचा हिशोब

वाय-फायची क्षमता मेगाबिटमध्ये मोजायची सवय आधी सोडा. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे वाटायची वस्तू एकच: हवेतला वेळ, म्हणजे एअरटाइम. एका सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद. ते कोण खातंय, हाच सगळा प्रश्न.

सगळ्यात सोपं उदाहरण ८०२.११ए या १९९९च्या मानकाचं. वेग ५४ एमबीपीएस. १५०० बाइटचं एक पॅकेट पाठवायचं आहे. आधी ३४ मायक्रोसेकंद चॅनेल मोकळा आहे ना हे ऐकायचं. मग ० ते १५ मधला एक यादृच्छिक आकडा निवडून तितके ९ मायक्रोसेकंदांचे स्लॉट थांबायचं, सरासरी साडेसात स्लॉट म्हणजे ६७.५. मग फ्रेम, म्हणजे हवेत जाणारं पॅकेट: हेडर धरून १५३६ बाइट, ५७ सिम्बॉल, प्रत्येकी ४ मायक्रोसेकंद, अधिक २० मायक्रोसेकंदांची प्रस्तावना, झाले २४८. मग १६ची विश्रांती आणि २८ची पोचपावती. बेरीज ३९३.५ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात गेले १२,००० बिट. म्हणजे ३०.५ एमबीपीएस.

खोक्यावर छापलेले ५४ खोटे नाहीत. फक्त प्रत्येक पॅकेटमागे जवळपास दीडशे मायक्रोसेकंद थांबण्यात आणि पावती देण्यात जातात, ते खोक्यावर लिहिलेले नसतात.

आता तोच हिशोब कॉलसाठी करा. आवाजाचा डेटा करणाऱ्या जी.७११ या कोडेकचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघतं, हेडरसकट २०० बाइटचं. हवेत फ्रेम जेमतेम ५६ मायक्रोसेकंदांची, पण बाकीचा लवाजमा तोच. एकूण २०१.५. एका कॉलला दोन्ही बाजूंची मिळून सेकंदाला १०० पॅकेट, म्हणजे सुमारे २० मिलिसेकंद एअरटाइम. साधारण ४९ कॉल झाले की सेकंद संपला. ४९ कॉलचा आवाज मिळून सहा एमबीपीएसच्या आसपास भरतो. ५४च्या नळातून सहा! लहान पॅकेट वाय-फायला महाग पडतात ती अशी.

८०२.११एन या २००९च्या मानकाने यावर तोड काढली ती अनेक फ्रेमची मोळी बांधून एकदम पाठवायची. आपल्या हॉलमधला सगळ्यात साधा फोन धरू: एकच अँटेना, २० मेगाहर्ट्झचा चॅनेल, ६५ एमबीपीएस. एकेक फ्रेम सुटी पाठवली तर हाती येतात ३१ एमबीपीएस. २० फ्रेमची मोळी बांधली की एकूण वेळ होतो सुमारे ४ मिलिसेकंद, गेले २,४०,००० बिट, हाती ६० एमबीपीएस. तोच फोन, तोच चॅनेल, जवळपास दुप्पट. कॉलला मात्र याचा फायदा नाही, कारण त्याचं पुढचं पॅकेट २० मिलिसेकंदांनी जन्माला येणार असतं. मोळी बांधायला लाकडंच नाहीत.

आता अभ्यासिकेकडे या. ४०पैकी ३५ जणांना चांगला सिग्नल आहे, ते ६५च्या वेगावर. ३५ गुणिले १.२ म्हणजे ४२ एमबीपीएस, ६०पैकी ४२, म्हणजे ७० टक्के एअरटाइम. उरलेले पाच जण हॉलच्या टोकाला, पुस्तकांच्या लोखंडी कपाटाच्या पलीकडे. त्यांचे फोन ६.५ एमबीपीएसवर उतरलेत. त्या वेगाला ४ मिलिसेकंदांत फक्त दोन फ्रेम मावतात, हाती येतात ६ एमबीपीएस. तेच १.२चं लेक्चर बघायला प्रत्येकाला २० टक्के एअरटाइम लागतो. पाच जणांना मिळून १०० टक्के.

३५ जणांना ७०, पाच जणांना १००. एकूण १७० टक्के, आणि सेकंद तर एकच. तक्रार सगळ्यांचीच येते, अगदी अ‍ॅक्सेस पॉइंटखाली बसणाऱ्याचीही. त्याचा सिग्नल पूर्ण असतो, म्हणून तो इंटरनेट कंपनीला शिव्या देतो.

वाय-फायची न्यायबुद्धीच अशी आहे की प्रत्येकाला फ्रेम पाठवण्याची संधी समान, मग ती फ्रेम पाव मिलिसेकंद घेवो की दोन. वरच्याच ८०२.११एच्या हिशोबात एक फोन ५४वर आणि दुसरा ६वर ठेवून आळीपाळीने पॅकेट पाठवू द्या. एका फेरीला २,६२७ मायक्रोसेकंद लागतात आणि दोघांच्याही पदरात पडतात ४.६ एमबीपीएस. वेगवान फोन हळू फोनच्या पंगतीला बसतो.

एवढं कागदावर झाल्यावर सिम्युलेटर कशाला? कारण कागदाला सरासरी कळते, गर्दी कळत नाही. व्हिडिओ संथ धारेने येत नाही, काही सेकंदांचा तुकडा एकदम ओढतो आणि मग गप्प बसतो. टकरी होतात. व्हिडिओ आणणारा टीसीपी हा प्रोटोकॉल आपल्या पावत्या उलट दिशेने पाठवतो, त्याही एअरटाइम खातात. रांगा साचतात. कॉलला ३० मिलिसेकंद मिळतील का, हे या सगळ्याच्या गुंत्यातून ठरतं.

हत्यार कोणतं

मी एनएस-३ वापरतो. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, पहिली आवृत्ती २००८ची, आणि वाय-फायचा खालचा थर त्यात बारकाईने लिहिलेला आहे. सी प्लस प्लस यायला हवी, निदान वाचता यायला हवी. उबंटूवर सहज बांधला जातो. डोळ्यांना चित्र हवं असेल तर ओम्नेट प्लस प्लस आणि त्यावरचा आयनेट हा संच चांगला. पॅकेट ट्रेसर कॉलेजात सगळ्यांनी वापरलेलं असतं, पण ते राउटर-स्विचची जोडणी शिकण्यासाठी आहे. एअरटाइमच्या भांडणाचा अभ्यास त्यावर करायला जाऊ नका.

एनएस-३मध्ये रेडिओची दोन मॉडेल आहेत. यान्स हे हलकं आणि वेगवान, पण शेजारच्या चॅनेलचा त्रास त्याला दिसत नाही. स्पेक्ट्रम हे जड, पण त्याला तो दिसतो. एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटचा हॉल असेल तर यान्स पुरे. शेजारच्या इमारतीतलं कुणी चॅनेल ३ लावून बसलं असेल तर स्पेक्ट्रम घ्या.

हॉल सिम्युलेटरमध्ये उतरवणं

हॉलचा आराखडा काढून खुर्च्यांचे अक्ष लिहिणं हे अर्ध्या तासाचं काम. खरा प्रश्न सिग्नल किती घटतो हा. त्यासाठी पुस्तकातलं सूत्र उचलण्याआधी फोनमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दाखवणारं एखादं अ‍ॅप टाका आणि हॉल भरलेला असताना मोजा. रिकाम्या हॉलमधलं मोजमाप फसवं असतं. साठ माणसं म्हणजे पाण्याची साठ पिंपं, ५ गिगाहर्ट्झच्या लहरी ती चांगल्याच शोषतात.

अ‍ॅक्सेस पॉइंटपासून १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर उभे राहा. प्रत्येक ठिकाणी फोन चार दिशांना फिरवून सरासरी घ्या. आता अंतर दुप्पट झालं की किती डीबी घटले ते बघा. मोकळ्या मैदानात ६ घटतात. ९ घटत असतील तर तुमचा घातांक, म्हणजे अंतरासोबत सिग्नल किती झपाट्याने घटतो ते सांगणारा आकडा, ३. बहुतेक भरलेल्या खोल्यांत उत्तर याच्या आसपास येतं. कपाटामागे एकदम मोठी उडी दिसली तर ती सूत्रात कोंबू नका. त्या पाच खुर्च्यांना वेगळी घट द्या.

इथे एक खाच आहे. एनएस-३च्या लॉग-डिस्टन्स मॉडेलमध्ये १ मीटरवरची घट आधीच भरलेली असते: ४६.६८ डीबी. हा आकडा ५ गिगाहर्ट्झचा आहे. २.४साठी तो ४०च्या जवळ हवा. तो न बदलता २.४चा हॉल मांडला तर तुमचं नेटवर्क विनाकारण साडेसहा डीबीने दुबळं दिसतं, आणि तुम्ही नसलेल्या रोगावर औषध शोधत बसता.

पाठवण्याची ताकदही दोन्हीकडची वेगळी भरा. अ‍ॅक्सेस पॉइंट २० डीबीएमने बोलतो, फोन पंधराच्या आसपास. अ‍ॅक्सेस पॉइंटची ताकद वाढवून रेंज वाढल्यासारखी वाटते, काड्या पूर्ण दिसतात. पण फोनचं उत्तर वर पोचत नाही. काड्या म्हणजे फक्त ऐकू येण्याचं प्रमाण. बोलणं पोचतंय का, ते त्या सांगत नाहीत.

दोन आकड्यांवर पारखून घ्या

हॉल मांडला की लगेच साठ जणांचा रन लावायचा मोह होतो. थांबा. आधी एकच स्टेशन, म्हणजे एकच फोन, ठेवा, ८०२.११ए, ५४ एमबीपीएस कायम, यूडीपीने (टीसीपीसारख्या पावत्या न मागणाऱ्या पद्धतीने) चॅनेल तुडुंब. वरच्या हिशोबाप्रमाणे ३०.५ यायला हवेत. अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवर मोजलं तर १४७२ बाइटच धरले जातात, म्हणून २९.९ येतील. फ्लो-मॉनिटर हा एनएस-३मधला मोजणीचा भाग आयपीच्या हेडरसकट मोजतो, तो ३०.५ दाखवेल. यापेक्षा फार वेगळं आलं तर पुढे जाऊ नका. बहुधा पावतीचा वेग, नाहीतर मोळी बांधायचा पर्याय कुठेतरी चुकलेला असतो.

दुसरी पारख दहा स्टेशनांची. सगळ्यांकडे सतत पाठवायला पॅकेट आहे. जुझेप्पे बियांकी यांनी २०००मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये दोन समीकरणं आहेत: एक सांगतं की टकरीची शक्यता इतकी असेल तर स्टेशन किती वेळा बोलेल, दुसरं सांगतं की सगळे इतक्या वेळा बोलले तर टक्कर किती होईल. दोन्ही एकाच वेळी पुरी करणारी संख्या शोधायची, कॅल्क्युलेटरवर चार-पाच फेऱ्यांत सापडते. दहा स्टेशनांना बोलण्याची शक्यता प्रत्येक स्लॉटला सुमारे ५ टक्के येते आणि टकरीची सुमारे ३८ टक्के. ३८ ऐकून धडकी भरते, पण एकूण वेग फक्त २८ एमबीपीएसपर्यंत उतरतो. कारण दहा जण एकाच वेळी उलटे आकडे मोजत असतात, त्यामुळे थांबण्यात जाणारा वेळ कमी होतो आणि टकरीचं नुकसान बरंचसं भरून निघतं.

सिम्युलेटरने २८च्या आसपास दाखवलं तर पाया पक्का. एनएस-३सोबत बियांकीच्या नावाचं तयार उदाहरणच येतं, तेही चालवून बघा.

रहदारी भरताना

४० लेक्चर टीसीपीवर, चालू-बंद पद्धतीने: काही सेकंद जोरात, मग शांत, सरासरी १.२ एमबीपीएस. पाच कॉल यूडीपीवर, दर २० मिलिसेकंदांनी २०० बाइट, दोन्ही दिशांना. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या मागे वायरचा एक दुवा, ३०० एमबीपीएस आणि २० मिलिसेकंद उशिराचा. तो म्हणजे इंटरनेट. तो न ठेवता सर्व्हर अ‍ॅक्सेस पॉइंटवरच बसवला तर टीसीपी खऱ्यापेक्षा चपळ वागतो.

सगळी अ‍ॅप्लिकेशन बरोबर पहिल्या सेकंदाला सुरू करू नका. पंचेचाळीस नोड एकदम एआरपीची, म्हणजे "हा पत्ता कुणाचा" अशी, हाक देतात, टकरी होतात, काही प्रवाह सुरूच होत नाहीत आणि निकालात काही खुर्च्यांसमोर शून्य दिसतं. प्रत्येकाची सुरुवात दोन-तीन सेकंदांत यादृच्छिक विखरा. पहिली दहा सेकंदं मोजणीतून काढून टाका.

वेग ठरवणारा अल्गोरिदमही विचारपूर्वक निवडा. पारख करताना कायम वेग ठीक होता. आता तो ठेवलात तर कपाटामागचे पाच जण कधी हळू होणारच नाहीत आणि ज्या रोगासाठी हा खटाटोप, तोच गायब होईल. मिन्स्ट्रेल घ्या, तो पाठवून बघतो, चुकला की उतरतो, खऱ्या लिनक्सवाल्या राउटरसारखा. आयडियल नावाचा पर्याय आहे, पण त्याला समोरच्याचा सिग्नल आधीच ठाऊक असतो, म्हणून तो फार गुणी निघतो.

आणि शेजारी विसरू नका. सिम्युलेटरमधला हॉल जंगलात असतो, खरा हॉल पेठेत. २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्येक नेटवर्क दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपल्या नावाची दवंडी पिटतं, तिला बीकन म्हणतात. ३०० बाइटचा बीकन १ एमबीपीएसने पाठवला तर २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अडीच टक्के एअरटाइम. एकाच चॅनेलवर अशी बारा नावं ऐकू येत असतील, आणि पेठेत ती येतातच, तर ३० टक्के वेळ फक्त दवंडीत गेला. कुणी एक अक्षर कामाचं पाठवण्याआधी. तोच बीकन ६ एमबीपीएसने पाठवला तर ०.४ टक्के. म्हणून जुने १ आणि २ एमबीपीएसचे वेग राउटरमधून बंद करा, आणि "ऑफिस", "पाहुणे", "स्टाफ" अशी चार-चार नावं एका पेटीवर ठेवू नका.

एकेक खिळा फिरवा

आता प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर श्रेय कुणाचं हे कळत नाही.

पहिला बदल जागेचा. अ‍ॅक्सेस पॉइंट मधोमध एक, याऐवजी दोन, हॉलच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अंतरावर, ५ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या चॅनेलांवर. भारतात ऑक्टोबर २०१८पासून ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे २.४वर १, ६ आणि ११ या तीन चॅनेलांत कोंबायची गरज उरलेली नाही. कपाटामागच्या पाच जणांना जवळचा अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून त्यांचा वेग ३९वर गेला असं धरलं तर मोळीसकट हाती ३६ एमबीपीएस. लेक्चरला प्रत्येकी ३.३ टक्के, पाच जणांना १७. वरचे ७० मिळवून ८७, ते दोन चॅनेलांवर वाटले की प्रत्येकी ४३-४४. १७० टक्क्यांवरून इथे. कागद एवढं सांगतो. बाकीचे ५६ टक्के मोकळे असताना कॉलचा उशीर किती, हे रन सांगेल.

दुसरा बदल रांगेचा. एनएस-३मध्ये वाय-फायच्या रांगेत ५०० पॅकेट मावतात आणि ५०० मिलिसेकंदांहून जुनं पॅकेट फेकलं जातं. सगळे राउटर इतके शिस्तीचे नसतात. ४.६ एमबीपीएस मिळत असताना ५०० मोठी पॅकेट रिकामी व्हायला १.३ सेकंद लागतात. सिम्युलेटरमध्ये अर्ध्या सेकंदावर कात्री लागते म्हणून उशीर बरा दिसतो, हॉलमध्ये तो दिसत नाही. तुमच्या राउटरमध्ये एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत असेल तर ते चालू करा आणि सिम्युलेटरमध्येही तेच ठेवा. प्रत्येक प्रवाहाला वेगळी ओळ मिळते, आणि कॉलचं छोटं पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे अडकत नाही.

तिसरा बदल प्राधान्याचा, आणि इथे बरेच जण आपटतात. ८०२.११ई या २००५च्या मानकाने चार रांगा दिल्या: आवाज, व्हिडिओ, साधी, आणि मागची. आवाजाच्या रांगेला ० ते १५ ऐवजी ० ते ३ मधूनच आकडा निवडायचा असतो, म्हणून ती लवकर घुसते. छान. पण पॅकेटवर शिक्का असेल तरच ती त्या रांगेत जाते. कॉलच्या पॅकेटवर बहुधा ४६ हा शिक्का असतो. साधी पद्धत त्याचे वरचे तीन बिट बघते: ४६ म्हणजे १०१११०, वरचे तीन १०१, म्हणजे ५. आणि ५ म्हणजे व्हिडिओची रांग! ही गफलत इतकी पसरलेली आहे की २०१८मध्ये आरएफसी ८३२५ हा इंटरनेट मानकांचा दस्तऐवज काढून ४६ला आवाजाच्या रांगेत टाका असं लिहावं लागलं. एनएस-३ही वरचे तीन बिटच बघतो. प्राधान्य चालू करूनही कॉल सुधारला नाही तर आधी हे तपासा.

उलट टोकाला जाऊन सगळ्यांनाच आवाजाच्या रांगेत घातलं तर? ० ते ३ म्हणजे चार आकडे. पाच जण एकाच वेळी निवडायला बसले तर दोघांचा आकडा सारखा येणारच. टक्कर ठरलेली.

आणखी एक असमतोल लक्षात ठेवा. कॉलमधली निम्मी पॅकेट खाली जाणारी असतात आणि ती सगळी अ‍ॅक्सेस पॉइंटलाच पाठवायची असतात. पण बोलण्याच्या स्पर्धेत त्याला वेगळा मान नाही, तोही एक स्पर्धकच. म्हणून गर्दीत आधी खाली जाणारा उशीर फुगतो. वरचा आणि खालचा उशीर वेगळा मोजा. दोन्हींची सरासरी काढलीत तर "माझा आवाज त्यांना जातोय, त्यांचा मला येत नाही" ही तक्रार तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही.

रन किती, मोजायचं काय

माझी एक फजिती सांगतो. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा एकच मांडणी दहा वेळा चालवली आणि दहाही वेळा उत्तर दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सारखं आलं. किती स्थिर नेटवर्क, म्हणून मी खूश. रात्री एक वाजता लक्षात आलं की एनएस-३ प्रत्येक वेळी त्याच यादृच्छिक आकड्यांपासून सुरू होतो. रन क्रमांक बदलला नाही तर दहा वेळा एकच सिनेमा बघितल्यासारखं. क्रमांक १ ते १० दिले तेव्हा आकडे हलायला लागले आणि माझे दोन "सुधारलेले" पर्याय एकमेकांपासून वेगळे काढता येईनात.

तर दहा वेगळे रन, प्रत्येकाची सरासरी, त्या दहांचं प्रमाण विचलन. विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागून २.२६ने गुणा, तेवढं सरासरीच्या वर-खाली धरलं की ९५ टक्के भरवशाचा पट्टा मिळतो. दोन पर्यायांचे पट्टे एकमेकांत घुसत असतील तर "हा चांगला" म्हणण्याआधी आणखी रन लावा.

उशिराची सरासरी बघून फसू नका. सरासरी १२ मिलिसेकंद असताना शंभरातलं एखादं पॅकेट २०० मिलिसेकंदांनी आलं तरी कॉल तुटक वाटतो. ९५वा किंवा ९९वा शतमान बघा, म्हणजे शंभरातली ९५ किंवा ९९ पॅकेट ज्याच्या आत पोचतात तो उशीर. फ्लो-मॉनिटर एकूण उशीर आणि पॅकेटची संख्या देतो, त्यातून सरासरीच निघते. शतमानासाठी त्याचा हिस्टोग्राम वापरा, नाहीतर प्रत्येक पॅकेटची वेळ स्वतः फाइलमध्ये लिहा. हरवलेल्या पॅकेटचंही तसंच. फ्लो-मॉनिटर १० सेकंद वाट बघूनच पॅकेट हरवलं म्हणतो, म्हणून शेवटच्या सेकंदांतली गळती त्याच्या मोजणीत येत नाही. अ‍ॅप्लिकेशन दोन सेकंद आधी थांबवा आणि पाठवलेली वजा पोचलेली, असा साधा हिशोब करा.

शेवटी ही सगळी मांडणी हॉलमध्ये नेऊन पडताळायची. रविवारी संध्याकाळी हॉल भरल्यावर मी कपाटामागच्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि राउटरलाच पिंग (पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावलं, बाहेरच्या कुठल्या संकेतस्थळाला नाही, म्हणजे मोजणी फक्त वाय-फायची होते. सिम्युलेटरचा शतमान आणि पिंगचा शतमान दुपटीच्या आत जुळले तर मॉडेल कामाचं आहे असं मी धरतो. फार फरक आला तर संशयित ठरलेले असतात: शेजाऱ्यांचे बीकन, माणसांच्या गर्दीने वाढलेली घट, आणि अजून २.४लाच चिकटून बसलेले जुने फोन.

दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लागला, कपाट दाराजवळच्या भिंतीला सरकलं, जुने वेग बंद झाले. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मग तीनशेचा प्लॅन शंभरचा करू का?"

४० गुणिले १.२ म्हणजे ४८. प्रश्न चुकीचा नव्हता. मी वायरच्या दुव्यावर ३०० खोडून १०० लिहिलं, तेच दहा रन पुन्हा लावले आणि आम्ही खाली चहाला गेलो.